खण बिराजदार सरांचा, चूक माझी

श्री. शिवशरण मल्लप्पा बिराजदार यांनी नुकतीच वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या आम्हा कारकून मंडळींनी आणि काही माजी विद्यार्थ्यांनी मिळून हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले, तेव्हा पहिला लेख माझ्याकडून मागितला गेला. कारण उघड आहे. सरांच्या शेजारच्या टेबलावर सगळ्यात जास्त वर्षे मी बसलो आणि आज मुख्य लिपिक म्हणून त्यांच्याच खुर्चीवर बसतो. मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून मला अन्न गोड लागलेले नाही. सरांचे गुण सांगणे मुळीच अवघड नाही. पण आमच्या शिक्षणसंस्थेत त्यांचे नाव निघाले, की आजही कुणीतरी हळूच म्हणते, "म्हंजे ते पत्रिकेवाले की!" त्या पत्रिकेचे खरे काय, हे सांगितल्याशिवाय सरांचा गौरव मला करता येणार नाही. सांगितले तर माझे काय होईल ते मला माहीत नाही, कारण माझी नोकरी अजून बारा वर्षे आहे. तरीही सांगणार आहे, पण रीतसर, पहिल्या भेटीपासून.

मी मूळचा मंगळवेढ्याचा. कनिष्ठ लिपिक म्हणून नेमणुकीचा कागद घेऊन पहाटेच्या एसटीने सोलापुरात उतरलो आणि विचारत विचारत संस्थेच्या कार्यालयात पोचलो. समोर बिराजदार सर बसलेले होते. पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आता हे माझी प्रमाणपत्रे मागतील, म्हणून मी पिशवीत हात घातला, तर त्यांनी संगणकाचा कीबोर्डच माझ्याकडे सरकवला.

"बस हितं. तुजं नाव टाइप कर. वडलांचं, आडनाव, समदं."

पडद्यावर एक छोटी चौकट होती. तिच्यात मी नाव टाइप केले आणि रुजू अहवाल, हजेरीपट, सेवापुस्तकाचे पहिले पान, ओळखपत्र, सगळीकडे माझे नाव आपोआप जाऊन बसले. मी तोंड उघडे टाकून बघत राहिलो.

"एकदाच लिहायचं," सर म्हणाले. "नीट लिहिलास तर सगळीकडं नीट. चुकलास तर सगळीकडं चुकलास. बघ परत."

मी बघितले. वडिलांच्या नावातला, पांडुरंगमधला उकार मी दीर्घ दिला होता. माझ्या बापाच्या नावाचे शुद्धलेखन मला परक्या माणसाने शिकवले, ही आमची पहिली ओळख.

त्या चौकटीला सर 'खण' म्हणत. ज्यांचा संगणकाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पत्रे, दाखले, प्रमाणपत्रे ज्या प्रोग्राममध्ये आपण लिहितो, त्यात आपल्याला हवा तसा चौकटीचा भाग स्वतः तयार करून मजकुरात कुठेही घालता येतो. एखादा नावाचा, एखादा तारखेचा, एखाद्यात यादी उघडते आणि त्यातले एक निवडायचे. बाकीचा मजकूर पक्का राहतो, तेवढा खण बदलतो. पण ही सोय ज्या पट्टीत असते ती पट्टी मुळात दिसतच नाही, सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करावी लागते. संस्थेने प्रशिक्षणाला पाठवले तेव्हा सरांनी पन्नाशी ओलांडली होती. शिकवणाऱ्याने "ते तुमच्या कामाचं नाही" म्हणून तो भाग गाळला. सरांनी तो आठवडाभरात स्वतःच शोधून काढला. मैंदर्गीला त्यांच्या वडिलांचे किराणा दुकान होते आणि त्यात डाळी-साळींची खणाखणांची लाकडी मांडणी होती. 'खण' हा शब्द सरांनी तिथून आणला, आणि पुढे आमच्या साऱ्या शाळांतले कारकून तोच बोलू लागले.

हे काम कोरडे वाटेल. पण सरांचा एकेक खण कुठल्या ना कुठल्या माणसासाठी घातलेला असे. शाळेच्या दाखल्यात मातृभाषेचा खण होता. यादीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. एकदा विणकर वस्तीतल्या एक बाई मुलाचा दाखला घ्यायला आल्या. मी विचारले, "मातृभाषा कोणती?"

"घरात तेलगू, सायेब. नवरा मराठीच बोलतोय. शेजारी समदे कन्नडवाले. पोरगं कुटं काय बोलतंय, मलाच कळत न्हाय की!"

मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि त्या बसलेल्या असतानाच यादी उघडून तिच्या खाली एक कोरी ओळ घातली, जिच्यात सांगणाऱ्याचे उत्तर तसेच्या तसे लिहिता येईल. वर बाईंना विचारले, "आई म्हणून हाक मारतो का अम्मा म्हणून?" बाई म्हणाल्या, "अम्मा." मग सरांनी तेलुगू लिहिले. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्या कोऱ्या ओळीवर पुढे शेरा मारला. सरांनी शेऱ्याला दोन पानांचे उत्तर पाठवले, आणि ओळ तशीच राहिली.

सरांचा दुसरा नेम वाचनाचा. कार्यालयातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद दोघांनी मिळून वाचायचा. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवायचे. रजेचा अर्ज असला तरी सुटका नाही. आम्ही तरुण मंडळी मागे चेष्टा करत असू, की सर लग्नाच्या मंगलाष्टकांनाही दुसरा माणूस बोट ठेवायला बसवतील. त्यांच्या कानावर ते गेले होते. ते एवढेच म्हणाले, "बसवला असता तर बरंच झालं असतं. भटजींनी माझं गोत्र चुकवलंतं." तेव्हा हसू आले. आज त्या वाचनाच्या नेमाची आठवण मला सहन होत नाही.

माझ्यावरचे त्यांचे उपकार मोजू नयेत. तरी एक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. मी खोलीवर एकटा पडलो होतो. सर रिक्षा घेऊन आले आणि काही न विचारता मला कुंभारीला आपल्या घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नी महानंदाबाई, आमच्या अक्का, यांनी मला तीन आठवडे पोटच्या पोरासारखे सांभाळले. रोज मऊ भात, ताक, उसाचा रस. "दत्ता, ताटात काय ठेवू नकोस बघ. ठेवलास तर मी मंगळवेढ्याला तुज्या आईला चिठ्ठी धाडीन," असा दम. त्या घरात माझा एक हक्काचा पाट असे. ज्या घराने मला असे जपले, त्याच घराचे मी पुढे जे केले ते आता सांगतो.

सर निवृत्त व्हायला वर्ष-सव्वा वर्ष राहिले होते. संस्थेच्या अध्यक्षांचा मोठा सत्कार ठरला. अध्यक्षांच्या दिवंगत थोरल्या बंधूंच्या नावाने संस्थेत दरवर्षी व्याख्यान होई आणि त्याच्या पत्रिकेसाठी सरांनी नावाचा एक खास खण केला होता. भोवती नाजूक वेलबुट्टी, आणि नावाआधीचे 'कै.' खणातच पक्के बसवलेले. कुणी विसरू नये आणि घरच्यांचे मन दुखू नये, म्हणून ते पुसताच येणार नाही अशी सोय. सत्काराच्या पत्रिकेचे काम माझ्याकडे होते. साध्या नावाचा खण वेगळा होता, पण मला ती वेलबुट्टी आवडली. मी व्याख्यानाच्या पत्रिकेतला खण उचलला, सत्काराच्या पत्रिकेत घातला आणि त्यात अध्यक्षांचे नाव टाइप केले. त्या आडनावाआधी 'कै.' बघायची डोळ्यांना वर्षानुवर्षे सवय होती. ते मला दिसलेच नाही.

त्याच दिवशी अक्कांचे पोटाचे ऑपरेशन होते. सर अर्ध्या दिवसाच्या रजेवर दवाखान्यात होते. तिथूनही त्यांनी फोन केला.

"दत्ता, पत्रिका दोघांनी वाचली का?"

"हो सर. मी आणि शिपाईमामांनी. दोनदा."

हे खोटे होते. शिपाईमामा चहा आणायला गेले होते. मी एकट्याने एकदा वरवर नजर फिरवली होती. शनिवार होता, छापखान्याचा माणूस दारात उभा होता आणि मला मंगळवेढ्याची गाडी गाठायची होती. एवढेच कारण. याहून मोठे कारण असते तर सांगताना बरे वाटले असते.

पत्रिका छापल्या, वाटल्या. जिवंत माणसाच्या नावाआधी 'कै.' आणि खाली 'यांचा भव्य सत्कार'. अध्यक्षांच्या घरून त्यांची पत्रिका पाकिटात घालून कार्यालयात परत आली. सोबत चिठ्ठी नव्हती. सरांनी पाकीट उघडले, पत्रिका बघितली, मग माझ्याकडे बघितले. मी "सर" म्हणत उठलो. पत्रिका खिशात घालून सर वरच्या मजल्यावर बैठकीला गेले. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो.

"कुणी केलं हे?" आतून कुणीतरी ओरडले.

"खण मी केलेला हाय," सरांचा आवाज आला. "जबाबदारी माजी."

पत्रिका छापायला गेली त्या दिवशी ते रजेवर होते, हे कुणी तपासले नाही. ते खाली आले आणि मला म्हणाले, "होगली बिडू." जाऊ दे, सोडून दे, असे त्यांच्या कानडीत म्हणतात. "पाचवीचे दाखले राहिलेत. ते उरक."

मी दाखले उरकले.

सत्कार रद्द झाला. अध्यक्ष आधीच हृदयविकाराने खंगलेले होते, त्याच वर्षी ते गेले. डॉक्टरांना कारण माहीत होते, पण लोकांनी आपले कारण ठरवून टाकले. शोकसभेला सर मागच्या रांगेत बसले, तेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. त्यांची बदली शाखेच्या गोदामात जुन्या बाकांची आणि फळ्यांची नोंद ठेवायला झाली. निवृत्तीच्या दिवशी त्यांना कुणी शाल दिली नाही, नारळ दिला नाही. चाव्या शिपायाच्या हातात देऊन सर सिटी बसने घरी गेले. छत्तीस वर्षांची नोकरी अशी संपली.

आणि मी गप्प राहिलो. आधी म्हणालो, नोकरी कायम झाली की बोलू. मग लग्न, मग बढती. भित्र्या माणसाला कारणे कधी कमी पडत नाहीत. दर दिवाळीला मात्र मी न चुकता कुंभारीला जात असे. फराळ करायचा, नमस्कार करायचा, परत यायचे. अशी अठरा वर्षे गेली.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा ती हकीगत मी त्यात घातली आणि गेल्या महिन्यात एका रविवारी कच्चा लेख घेऊन सरांकडे गेलो. आता त्यांना भिंगाशिवाय वाचता येत नाही. ओसरीवर बसून त्यांनी भिंग ओळीओळीवरून सरकवत सगळा लेख वाचला. पत्रिकेच्या परिच्छेदावर भिंग थांबले. मी लिहिले होते, 'पत्रिकेत माझ्या हातून चूक झाली.'

"चूक झाली?" सर म्हणाले. "झाली म्हंजे? पाऊस झाल्यासारकी?"

"मी केली, सर."

"मला म्हाईत हाय. त्याच हप्त्यात कळलं. शिपाईमामानं सांगितलं, मी चहाला गेलतो म्हणून."

"मग आपण मला विचारलं का नाही?"

"इचारून काय करू? तू सांगशील म्हणून बसलो की. दर दिवाळीला यायचास. ताट म्होरं आलं की मनात म्हणायचो, आता बोलंल. तू चिवड्याचं कौतुक करून जायचास."

माझी मान वर होईना. सरांनी कागद मांडीवर ठेवला.

"आता समद्या गावाला छापून सांगाय निघालास. हिला कवा सांगणार?" आणि त्यांनी आत हाक मारली. "महानंदा, भाईर ये जरा."

अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी उभा राहिलो आणि सगळे सांगितले. वेलबुट्टीचा खण, फोनवरचे खोटे, शनिवारची गाडी. काही राखून ठेवले नाही. अक्का खाली उंबऱ्यावर बसल्या.

"म्हंजे माज्या आपरेशनपायी न्हवं?"

आम्हा दोघांनाही कळेना.

"यांचं ध्यान माज्याकडं हुतं, म्हणून कामात चुकलं, असंच मी धरून बसले," अक्का म्हणाल्या. "डाक्टर म्हणत हुते, चार महिनं थांबलं तरी चालंल. मीच म्हणलं, आत्ताच उरकून घ्या. थांबले असते तर यांची नोकरी मानानं संपली असती. रोज वाटतंय मला. देवाफुडं दिवा लावताना रोज माफी मागते मी."

सरांनी भिंग खाली ठेवले.

"हे मला कधी बोलली न्हाईस," ते म्हणाले.

"तुमी तरी कुटं काय बोललात?"

मला सांभाळायचे म्हणून सर गप्प राहिले, त्यांचे मन राखायचे म्हणून अक्का गप्प राहिल्या, आणि मी माझ्या पोटासाठी गप्प राहिलो. मी त्या घराचे नाव घालवले एवढेच मला माहीत होते. एका निष्पाप बाईला अठरा वर्षे रोज माफी मागायला लावली, हे त्या दिवशी कळले. मी खाली बसून त्यांच्या पायांना हात लावला. अक्कांनी पाय मागे घेतले.

"आज न्हाय, दत्ता. आज मला काय इचारू नकोस."

त्या आत गेल्या. त्या घरातून मी कधी चहा न घेता निघालो नव्हतो. त्या दिवशी चहा आला नाही.

निघताना मी सरांना विचारले, हा परिच्छेद ठेवू का. ते म्हणाले, "ठेव. पन 'झाली' न्हाय, 'केली' लिही. आणि नोकरीचं काय ते तुजं तू बघ. ह्या येळी मी मधी पडणार न्हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला घरापर्यंतचा रस्ता सोपा गेला असता.

म्हणून या ग्रंथाच्या सर्व वाचकांना मी स्पष्ट सांगतो. ती चूक मी केली. श्री. बिराजदार सर त्या दिवशी पत्नीच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते आणि तिथूनही त्यांनी आपले कर्तव्य केले. मी त्यांना खोटे सांगितले. या लेखाची सही केलेली एक प्रत संस्थेच्या आवक-जावक खिडकीवर देऊन मी पोच घेतली आहे, आणि एक प्रत दिवंगत अध्यक्षांच्या घरी स्वतः नेऊन दिली आहे. दोन्हीकडून अजून काही कळवलेले नाही. जे कळेल ते मी घेईन. ज्यांनी शोकसभेत सरांच्या शेजारची खुर्ची सोडली, त्यांनी गौरव समारंभात त्यांच्या शेजारी येऊन बसावे, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

असे लेख दीर्घायुष्याच्या शुभेच्छांनी संपवायची पद्धत आहे. माझ्या शुभेच्छेत माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. सर आणि अक्का या दोघांनाही निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्या रविवारनंतर मी दोनदा कुंभारीला जाऊन आलो. अक्कांनी दार उघडले, बस म्हणाल्या, पण मला माफ केले असे त्या अजून म्हणालेल्या नाहीत. त्या म्हणेपर्यंत दोघांनी जगावे. आणि त्यांना ते कधी म्हणायचेच नसेल, तर दोघांनी कायमचे जगावे, मी येत राहीन.